रोजचं बायबल वाचन लेवीयात अडकलं, तर प्रश्न कोणते विचारावेत?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. खानापूर तालुक्यातले एक भाऊ बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत पाळीवर काम करतात. १ जानेवारीला त्यांनी उत्पत्तीपासून रोज तीन अध्याय वाचायला घेतले. सोबत मंडळीत वाटलेला प्रश्नांचा कागद आहे. त्यावर चार प्रश्न आहेत: आज देव माझ्याशी काय बोलला, कोणती आज्ञा पाळायची, कोणतं पाप टाळायचं, कोणतं वचन धरून ठेवायचं. उत्पत्ती झरझर संपलं, निर्गमाचा अर्धा भागही बरा गेला. लेवीय आलं, म्हणजे अर्पणांच्या आणि शुद्धतेच्या नियमांचं तिसरं पुस्तक, आणि वहीची पानं कोरी राहू लागली. सौ. कन्नड शाळेत शिकलेल्या, मराठी बायबल त्यांना जड जातं, म्हणून दोघांचं एकत्र वाचनही होत नाही. भाऊ विचारतात: परत पहिल्यापासून सुरू करू, लेवीय सोडून पुढं जाऊ, की माझ्यात चिकाटीच नाही असं समजू?

मी पाळक नाही. शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि बरीच वर्षं बेळगाव आणि निपाणीकडं घराघरांत शास्त्राभ्यासाचे वर्ग घेते. तेवढ्या अनुभवावरच बोलते.

चिकाटीचं आधी संपवून टाकू. उत्पत्तीचे ५० अध्याय, निर्गमाचे ४०, मिळून ९०. रोज तीन म्हणजे ३० दिवस. १ जानेवारीला सुरू केलेला माणूस एकही दिवस न चुकता वाचत राहिला, तर ३१ जानेवारीला लेवीयाच्या दारात उभा राहतो. त्यामुळं दर फेब्रुवारीत माझ्याकडं हाच प्रश्न येतो, आणि विचारणारी माणसं आळशी नसतात. आळशी माणूस उत्पत्तीतच थांबलेला असतो. आणखी एक हिशेब सांगते, तो कुणी सांगत नाही. आपल्या ६६ पुस्तकांत ११८९ अध्याय आहेत. रोज तीन वाचलेत तर ३६५ दिवसांत १०९५ होतात, म्हणजे वर्ष संपताना ९४ अध्याय शिल्लकच. इतकं करूनही शेवटी वाटणार की आपण मागं पडलो. (कॅथलिक वाचकांनी नोंद घ्यावी, तुमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, त्यामुळं तुमचा आकडा याहून मोठा.)

आता खरी अडचण. मला ती लेवीयात दिसत नाही, तुमच्या कागदावर दिसते. त्यावरचे चारही प्रश्न तुमच्याबद्दलचे आहेत. समोरच्या पानाबद्दल विचारणारा एकही नाही. अब्राहामाची, योसेफाची गोष्ट असली की माणूस त्यात स्वतःला सहज शोधतो, म्हणून तिथं ते प्रश्न चालून गेले. अन्नार्पणात तेल किती घालायचं हे वाचून 'आज देव माझ्याशी काय बोलला' याचं उत्तर लगेच द्यायचं म्हटलं, तर एकतर पान कोरं राहतं नाहीतर माणूस काहीतरी बनवून लिहितो. तुम्ही कोरं ठेवलंत, ते बरं केलंत. तुम्ही कारखान्यातले आहात, तुम्हाला कळेल: सगळ्या नटांना एकाच नंबरचा पाना लावला की काही नट हलत नाहीत आणि काहींचे कोपरे झिजतात. उत्पत्तीला लागलेला पाना लेवीयाला लागत नाही, स्तोत्राला तिसराच लागतो.

लूकच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो, सार्वकालिक जीवनासाठी मी काय करू? येशू उलट दोन गोष्टी विचारतो: नियमशास्त्रात काय लिहिलं आहे, आणि तू ते कसं वाचतोस? आधी 'लिहिलंय काय', मग 'तू'. मी वर्गात हाच क्रम धरते. शास्त्र्याला 'मी काय करू' याचं उत्तर मिळतं, पण आधी नियमशास्त्र, मग जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट असं सगळं झाल्यावर, शेवटी. तुमच्या कागदानं शेवटचा प्रश्न पहिल्या ओळीत आणून ठेवला आहे.

म्हणून कुठलाही भाग घ्या, पहिले दोन प्रश्न पानाला विचारा. इथं कोण कुणाशी बोलतंय? आणि कोणती गोष्ट इथं पुन्हा पुन्हा आली आहे, किंवा मला अनपेक्षित वाटली? या दोन्हींची उत्तरं बोट ठेवून दाखवता येतात. थकलेला माणूससुद्धा ती देऊ शकतो, हा त्यांचा मोठा गुण. त्यानंतर तिसरा: मला इथं काय कळलं नाही? आणि मग, असेल तर, चौथा: यातलं माझ्या अंगावर काय येतं? 'असेल तर' हे दोन शब्द वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. रोज असेलच असं नाही.

हे झाले सगळीकडं चालणारे. पण त्या त्या प्रकारच्या लिखाणाला आपापला एखादा प्रश्न लागतोच, आणि तुमचं गाडं लेवीयात रुतलंय म्हणून तिथं जरा जास्त वेळ थांबते.

लेवीयाला विचारायचा माझा आवडता प्रश्न: ज्याच्याकडं पैसे नाहीत, त्याचं इथं काय होतं? पाचवा अध्याय उघडा. पापार्पणासाठी मेंढी किंवा शेळी आणायची. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं. तेवढीही ऐपत नसेल तर एफाचा (एफा हे धान्याचं माप) दहावा भाग सपीठ. एकाच नियमात तीन पायऱ्या, आणि तिसऱ्या पायरीवर नुसतं पीठ आणणाऱ्यालाही तीच क्षमा. बाराव्या अध्यायात बाळंतिणीसाठी कोकरू सांगितलंय, आणि तिथंही तेच: कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची पिलं. आता लूक २:२४ काढा. बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ मंदिरात गेले तेव्हा त्यांच्या अर्पणात काय होतं, ते वाचा. येशूचं घर गरीब होतं हे लूक तिथं शब्दांत सांगत नाही, पक्ष्यांची जोडी दाखवून सांगतो. आणि ते कळायला लेवीय वाचलेलं असावं लागतं. ज्या अध्यायांत तुम्हाला लिहायला काही सापडलं नाही, तेच हे अध्याय.

दुसरा प्रश्न: या नियमानं कुणाचं रक्षण होतं? एकोणिसावा अध्याय याच प्रश्नानं वाचून बघा. शेताच्या कडेचं पीक कापू नका, पडलेला सरवा गोळा करू नका, तो गरिबाला आणि परदेशीयाला राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडं ठेवून घेऊ नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्यापुढं अडखळण ठेवू नका. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे वचन आपल्याला शुभवर्तमानातलं म्हणून पाठ असतं, पण ते मुळात इथलं, १९:१८. आणखी सोळा वचनं पुढं गेलात तर परदेशीयावरही तशीच प्रीती करायला सांगितलंय. निपाणीकडच्या वर्गात आम्ही हा अध्याय घेतला तेव्हा मजुरीच्या वचनावर अडकलो आणि पुढं सरकलोच नाही. ऊसतोडीची उचल, आठवड्याचा हिशेब, कारखान्याचं बिल उशिरा आलं तर टोळीला पैसे कुठून द्यायचे, यावर शेतकरी आणि मजूर एकाच खोलीत बसून बोलले. 'हे माझ्या अंगावर कसं येतं' हा प्रश्न मला त्या दिवशी विचारावाच लागला नाही.

तेराव्या अध्यायातले त्वचारोगाचे नियम, याजकानं माणसाला सात दिवस वेगळं ठेवणं वगैरे, पूर्वी लोक घाईनं उलटायचे. २०२० नंतर मात्र त्या पानावर प्रत्येकाला बोलायचं असतं. आणि एक ऐकून ठेवा: यहुदी परंपरेत लहान मुलांच्या शास्त्रशिक्षणाची सुरुवात लेवीयापासून करायची पद्धत होती. आपण मोठी माणसं तिथं दमतो!

गणना हे पुस्तक याच रांगेत पुढचं. तिथं तुम्हाला शिरगणतीच्या याद्या लागतील. यादी वाचताना विचारा: या नावांत कुणाचं नाव येणार नाही असं वाटलं होतं आणि तरी आलं? सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढं उभ्या राहतात. बापाला मुलगा नव्हता, म्हणून काय त्याचं नाव कुळातून जाऊ द्यायचं? आम्हाला वतन द्या. आणि परमेश्वर म्हणतो, मुली बरोबर बोलतात. आमच्या वर्गातल्या बायका या अध्यायावर दोन बैठका घेतात, मी फक्त घड्याळ बघते. हाच प्रश्न घेऊन मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ वाचा. पुरुषांच्या त्या लांबलचक यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको कशा आल्या?

गोष्टीच्या भागाला वेगळा प्रश्न लागतो: सांगणारा कुठं गप्प बसलाय? आपल्याला सवय असते की बायबलमधल्या माणसानं केलं म्हणजे ते बरोबरच. २ शमुवेल ११ मध्ये राजा दावीद उरीयाच्या बायकोला, बथशेबेला, घेतो आणि उरीयाला लढाईत मारवतो, ते सगळं प्रकरण सांगून होईपर्यंत लेखक एका शब्दानं निवाडा देत नाही. अगदी शेवटच्या वचनात, सत्ताविसाव्यात, एकच वाक्य येतं की हे परमेश्वराला वाईट वाटलं. मात्र पहिल्या वचनात त्यानं एक खूण ठेवलेली असते: राजे लढाईवर जातात तो काळ, आणि दावीद यरुशलेमेत राहिला. तुमच्या कागदावरचा 'कोणतं पाप टाळायचं' हा प्रश्न लावलात तर एका ओळीत उत्तर देऊन मोकळे व्हाल. खूण बघणाऱ्याला मात्र हा अध्याय बराच वेळ सोडत नाही.

स्तोत्राला विचारायचं: बोलणाऱ्याचं मन सुरुवातीला कसं आहे, शेवटी कसं आहे, आणि मध्ये कुठं वळलं? तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं. पहिल्या दोनांतच चार वेळा 'कोठवर' येतं आणि शेवटी माणूस गातो. पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वळतच नाही, अंधारातच संपतं. तिथं ओढूनताणून आनंदाचं वाक्य वहीत लिहू नका.

पत्रं शक्य तेव्हा एका बैठकीत वाचावीत. कुणी आलेलं पत्र रोज एक परिच्छेद करून वाचत नाही. फिलेमोनाचं पत्र तर अवघं २५ वचनांचं, चहा निवायच्या आत संपेल. पत्राला विचारायचं: असं काय घडलं असेल म्हणून हे लिहावं लागलं? आणि जिथं 'म्हणून' येतं तिथं मागं वळून बघायचं. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीला जो 'म्हणून' आहे, त्याच्या मागं अकरा अध्याय उभे आहेत.

नीतिसूत्रांवर फार बोलत नाही. अध्याय ३१, महिन्याचे दिवस तेवढेच, तारखेप्रमाणं वाचा. फक्त २६:४ आणि २६:५ शेजारीशेजारी ठेवून बघा. एक म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणं उत्तर देऊ नको, पुढचं म्हणतं दे. कोणतं केव्हा, हा प्रश्न तुम्हाला सुपरवायझरशी बोलतानाही उपयोगी पडेल.

आता तुमच्या कागदावरच्या चौथ्या प्रश्नाबद्दल, 'कोणतं वचन धरायचं'. वचन पाठ करणं चांगलंच, मीही करते. पण आधी हे विचारा की ते कुणाला सांगितलं होतं. यिर्मया २९:११ आपल्याकडं अर्ध्या घरांत कॅलेंडरवर असतं, देवाने आपल्या हिताचेच संकल्प केले आहेत ते वचन. त्याच्या अलीकडचं, दहावं वचन किती कॅलेंडरांवर बघितलंत? त्यात सत्तर वर्षं म्हटलंय. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि त्याच पत्रात वर सांगितलंय: तिथंच घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं इच्छा. हे कळल्यावर अकरावं वचन हलकं होत नाही. उलट मला तरी ते आता जास्त धीर देतं, कारण सत्तर वर्षं वाट बघणाऱ्या लोकांना दिलेला तो शब्द आहे. वचनपेटीतली चिठ्ठी काढून दिवस ठरवणाऱ्यांशी माझं इथं पटत नाही, तेही सांगून टाकते.

'अध्याय' या मापाबद्दल थोडं. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, तिचं श्रेय इंग्लंडचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांना देतात. आज वापरात असलेले वचनांचे आकडे फ्रेंच मुद्रक रोबेर एस्तिएन यांच्या १५५१ च्या ग्रीक नव्या करारापासून रूढ झाले. दोन्ही सोयीसाठी आहेत आणि कधी भलत्याच जागी तोडतात. यशयाचा प्रसिद्ध त्रेपन्नावा अध्याय खरं तर ५२:१३ पासून सुरू होतो. १ करिंथ ११:१ हे दहाव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य आहे. तेव्हा 'तीन अध्याय' हे काही पवित्र माप नाही. विषय संपेल तिथं थांबा. कधी बारा वचनं, कधी दोन अध्याय.

किती वाचावं, हे तुमच्या परिस्थितीवर आहे आणि इथं मी ठाम काही सांगणार नाही. ज्यानं बायबल एकदाही सबंध वाचलेलं नाही, त्यानं एकदा भरभर, प्रश्न न विचारता, गोष्टीसारखं वाचून काढावं असं माझं मत आहे. म्हणजे गावाचा नकाशा डोक्यात बसतो. ज्याचं ते झालंय त्यानं थोडं वाचावं आणि जास्त विचारावं. तुम्ही दोन्ही एकदम करत होता, तीन अध्यायांचा वेग आणि वर रोज चार प्रश्नांची वही. ते बिनकामाच्या माणसालाही जड गेलं असतं. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त स्तोत्र घ्या, तेही एक. आणि वाचन एकदा चुकलं की ते कर्जासारखं पुढच्या दिवसावर चढवू नका. राहिलं ते राहिलं, आजचा भाग उघडा. जमत नाही म्हणून सोडून देणाऱ्यांपेक्षा, मागचं भरून काढताना दमून सोडणारे मी जास्त बघितलेत.

एखाद्या घरात नुकतं कुणी गेलं असेल, किंवा माणूस मनानं फार खचला असेल, तर प्रश्नांचा कागद बाजूला ठेवायचा. अशा वेळी कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवावं आणि उठून जावं. प्रश्न विचारू नयेत.

तुमच्या सौं.बद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला त्यात तुमची सगळ्यात मोठी सोय दिसते. आपल्या भागात दोन भाषांचं घर म्हणजे काही नवल नाही. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बळ्ळारीहून बेळगावात आले, पुढं १९०४ मध्ये ते काम मेथोडिस्टांकडं गेलं. तेव्हापासून आजतागायत इथली मंडळी कन्नड आणि मराठी दोन्ही कानांनी ऐकत आली आहे. कित्येक घरांत आजी मराठी गीत म्हणते आणि नातू उपासना कन्नडमध्ये ऐकून येतो. मग दोघांनी एकाच पुस्तकातून वाचलं पाहिजे हा हट्ट कशाला? त्यांना त्यांचं सत्यवेद, म्हणजे कन्नड बायबल, घेऊ दे, तुम्ही तुमचं पवित्र शास्त्र घ्या. अध्याय आणि वचनांचे आकडे जुळतात, शोधायला त्रास नाही.

फक्त एक करू नका: एक वचन तुम्ही मराठीत, पुढचं त्यांनी कन्नडमध्ये, असं आळीपाळीनं वाचू नका. दिसायला छान दिसतं, पण दोघांनाही अर्धाच अर्थ लागतो. सगळा भाग एकानं एका भाषेत वाचायचा, दुसऱ्यानं आपल्या पुस्तकात बोट फिरवत ऐकायचं. उद्या अदलाबदल. मग प्रश्न विचारायचे, उत्तर ज्यानं त्यानं आपल्या भाषेत द्यायचं. 'इथं कोण कुणाशी बोलतंय' या प्रश्नाला कन्नडमध्ये उत्तर आलं म्हणून ते तुम्हाला कळणार नाही असं थोडंच आहे? तुम्ही दोघं संसार कुठल्या भाषेत करता, त्याच भाषेत बोला. ज्या जागी दोन भाषांतरं वेगळं काही म्हणताहेत असं वाटेल, तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि पाळकसाहेबांना विचारा. एकट्यानं वाचणाऱ्याला ही जागा दिसतच नाही.

निपाणीतल्या एका घरी बायका विड्या वळत बसतात आणि एक जण वाचते. पान संपलं की वळणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारते, 'आता हे कोण बोललं?' एवढाच त्यांचा मार्गदर्शक प्रश्न, आणि हातात कागद नाही. वाचता न येणाऱ्या आजी त्यात सगळ्यात पुढं असतात, कारण त्या ऐकलेलं विसरत नाहीत. घरात मुलं असतील तर त्यांना प्रश्न काढायला सांगा, उत्तर द्यायला नको. इंग्रजी शाळेतल्या मुलाला मराठी वाचता येत नसेल तरी 'का?' विचारता येतं. सध्या बायबलची जी ॲप्स आहेत त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही मिळतात, ऐकायचीही सोय असते. रेल्वेनं किंवा बसनं कामाला जाता-येताना तेच कानाला लावा. फक्त फोनवर वाचायचं असेल तर नेट बंद करून वाचा, नाहीतर लेवीयाच्या जागी भलतंच काहीतरी बघून उठाल.

भाषा जड जाते हे मराठी वाचणाऱ्यांचंही दुखणं आहे. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र मंडळीत वाचलं जातं, पाठ करायला तेच ठेवा. अर्थ अडला की शेजारी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' उघडा. ते कॅथलिक आहे म्हणून काही जण बिचकतात. मी बिचकत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

वहीबद्दल: रोज पानभर लिहायचं सोडा. डाव्या पानावर एक ओळ, आज पानात काय दिसलं. उजव्या पानावर फक्त प्रश्नचिन्हं, म्हणजे न कळलेलं. उजवं पान भरत गेलं तर घाबरू नका, ते तुमच्या वाचनाचं खरं भांडवल. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात रथात बसून यशया वाचणारा तो कुशी अधिकारी आठवा. फिलिप्प त्याला विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो सरळ म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल? आणि फिलिप्पाला वर, शेजारी बसायला बोलावतो. तुमच्या प्रश्नचिन्हांसाठीही असा एखादा माणूस शोधा. पाळक, शब्बाथ शाळेचे मास्तर, मंडळीतली एखादी जाणती बाई, कुणीही. महिन्यातून एकदा वही घेऊन त्यांच्याकडं बसा. कागदाला तुम्ही उलट प्रश्न विचारू शकत नाही, माणसाला विचारू शकता.

तर तुमच्या तीन विचारण्यांची उत्तरं. परत उत्पत्तीपासून सुरू करू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा याच दारात उभे राहाल. लेवीय सोडूही नका, पण क्रमानं रेटूही नका. या आठवड्यात एकोणिसावा अध्याय घ्या, दोन दिवस घ्या. मग रूथचा दुसरा अध्याय वाचा, बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी ती मवाबी बाई लेवीयाच्या कुठल्या वचनावर जगली ते शोधा. त्यानंतर पाचवा आणि बारावा अध्याय, लूकचा दुसरा शेजारी उघडा ठेवून. मग सोळावा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, आणि त्याला जोडून इब्री लोकांस पत्राचा नववा. एवढं झालं की गणनेत जा. राहिलेलं लेवीय पुढच्या फेरीत.

आणि तुम्हाला वर्षात काहीतरी सबंध पुरं झाल्याचं समाधान हवंच असेल, तर सौं.बरोबर नवा करार घ्या. त्याचे अध्याय २६०. आठवड्याचे पाच दिवस रोज एक, असे ५२ आठवडे, हिशेब बरोबर जुळतो. सुट्टीचे दोन दिवस पाळी बदलण्याला आणि झोपेला. सुरुवात मार्कपासून करा, तो सोळाच अध्यायांचा आहे आणि त्यात येशू सतत चालत असतो. पहिल्या दिवशी कन्नडमधून त्यांनीच वाचावं.